नाल्यातली लाल, विहिरीतली लाल

तेहतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली बरीचशी लाल माती जुळवण्यात गेली. कुणी विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की काय करायचात?" तर मी एवढंच सांगते. समोरचा लगेच माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. भूवैज्ञानिक म्हटलं की लोकांना एकतर सोन्याच्या खाणी आठवतात, नाहीतर भूकंपाचं भविष्य सांगणारा कुणी. माझं काम साधं होतं. जमिनीखाली पाणी कुठे लागेल ते सांगायचं, आणि त्यासाठी खालचा कुठला दगड आधीचा, कुठला नंतरचा, याचा क्रम लावायचा. खात्याचं नाव मी लिहीत नाही. जे सांगणार आहे त्यातली चूक माझी आहे, खात्याची नाही. पाड्याचं नावही लिहीत नाही, कासा ते तलासरीच्या मधला आहे एवढं पुरे.

आमच्याकडचे हे काळे डोंगर आहेत ना, ते सगळे लाव्ह्याचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, थोडं इकडेतिकडे. पण तो सगळा लाव्हा काही एका दमात आला नाही. एक लोट यायचा, पसरायचा, थंड व्हायचा. मग सुट्टी. ही सुट्टी हजारो वर्षांचीसुद्धा असायची. तेवढ्या काळात दगडाची पाठ ऊनपाऊस खाऊन मऊ व्हायची, माती व्हायची, त्यावर झाडझाडोरा यायचा. मग पुढचा लोट यायचा आणि त्या मातीला विटेसारखं भाजून काढायचा. डोंगर कापलेला असेल तिथे दोन काळ्या थरांच्या मध्ये ही लाल पट्टी दिसते. कुठे वीतभर, कुठे कमरेइतकी. हायवेवरून जाताना माणसं समोरच्या ट्रकच्या मागे काय लिहिलंय ते वाचतात, मी अजून लाल पट्टी शोधते.

आम्ही काळाचे तुकडे पाडतो ते असे. लाल पट्टीच्या खालचा दगड आधीचा, वरचा नंतरचा, मध्ये सुट्टी. एवढं शाळेतल्या पोरालाही कळतं. खरी पंचाईत पुढे आहे. इथे नाल्यात एक लाल पट्टी दिसली आणि अर्ध्या मैलावर बोअरमध्ये दुसरी लागली, तर ती एकच सुट्टी की दोन वेगळ्या? मधला सगळा भाग जमिनीखाली. लाल पट्टीवर तारीख छापलेली नसते. मग आम्ही दोन ठिपके काढतो आणि मध्ये रेघ ओढतो. याला जुळणी म्हणतात. ती रेघ बरोबर आली तर मधल्या कुठल्याही जागी किती फुटांवर काय लागेल ते सांगता येतं.

आगर गावच्या एका मासळीवाल्या मावशीला हे मी एकदा सविस्तर समजावलं होतं. ती डहाणूला माझ्या दारावर यायची. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे मॅडम, तुमी अंदाजे सांगता."

"अंदाज नाही हो, शास्त्र आहे."

"आमचा पन शास्त्रच हाय. पन जाल्यात काय हाय ते जाला वर आल्यावर." आणि बोंबील मोजायला लागली. मला तेव्हा तिचा राग आला होता.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुने भेटले. चारोटी नाक्यावर रमणीकभाईंची खाणावळ होती. त्यांनी मला एकदा आग्रहानं आत नेलं. गल्ल्यामागे टॉवेलात गुंडाळलेला, नारळापेक्षा मोठा गोल दगड. हार घातलेला, उदबत्ती लावलेली. "बेन, डायनासोरचा अंडा. शंभर टका." आमच्या काळ्या दगडाला झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आत असा गोळा राहतो, तो त्यातलाच होता. मी तसं सांगितलं. "कांदा?" रमणीकभाईंनी एवढंच विचारलं आणि त्या दिवशी मला चहा मिळाला नाही. पुढच्या खेपेला तोच गोळा काउंटरवर, शेजारी पाटी: साडेसहा कोटी वर्षांचा दगड, मोठ्या सरकारी मॅडमनी तपासलेला. "खोटा तर नाय ना लिवला, बेन?" खोटं नव्हतंच.

दिवाळी अंकाच्या संपादकांना अशाच गमती हव्या होत्या. माझ्याकडे त्या पुष्कळ आहेत, पण या वर्षी दुसरं लिहायचं ठरवलंय.

बारा वर्षं झाली. त्या पाड्यावर शाळेजवळ एक बोअर होती, तिचा हातपंप होळीनंतर नुसता खडखडायचा. मग बाया नाल्यात खड्डा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. विहीर मंजूर झाली आणि जागा दाखवायला मला पाठवलं. पाड्यातर्फे माझ्याबरोबर फिरला तो देवजी. चाळिशीचा, सडसडीत, फारसं न बोलणारा माणूस. वाडीत चिकू उतरवायच्या मजुरीला जायचा, पण विहिरी खणण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. त्याची बायको रमी, आणि धाकटा भाऊ लखमा. घरात म्हातारी आई, आणि सुरेश नावाचा मुलगा, तो आश्रमशाळेत.

मी दोन दिवस हिंडले. नाल्याच्या कडेला कमरेइतकी लाल पट्टी उघडी पडलेली होती. शाळेच्या बोअरच्या जुन्या नोंदीत अठ्ठावन्न फुटांवर लाल लिहिलेली होती. उंचीचा फरक धरला आणि दोन्ही एकच म्हणून रेघ ओढली. इतकी सुरेख बसली की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. त्या रेघेप्रमाणे विहिरीच्या जागी लाल लागणार होती पन्नास फुटांवर. विहीर खणायची होती चाळीस. म्हणजे वरची दहा फूट माती सोडली तर खालपर्यंत सलग काळा दगड. काळा दगड आपला आपण उभा राहतो, त्याला आतून बांधून काढावं लागत नाही. मी आराखड्यात तसं लिहिलं. वरची दहा फूट बांधकाम, खाली गरज नाही.

बोअरच्या नोंदीबद्दल एक सांगायला हवं. यंत्रानं बोअर मारतात तेव्हा दगड अखंड वर येत नाही, चुरा येतो. त्या चुऱ्याकडे बघून जो कुणी उभा असेल तो वहीत लिहितो. वीस ते चोवीस फुटांच्या नोंदीसमोर त्या वहीत 'मुरूम' लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं. मुरूमही तांबूसच असतो. मी पुढे गेले.

माघात खणायला सुरुवात झाली. देवजी आणि आणखी चारजण आत, लखमा वर रहाटावर. फाल्गुनाच्या शेवटी मी कासा बाजारात होते, आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता, आणि रमी मला शोधत आली. तिच्याबरोबर मी तोवर दहा वाक्यंही बोलले नसेन. पाड्यावर सगळ्यांना 'तू'च म्हणतात, मॅडम असो नाहीतर मामलेदार, आणि मला ते आवडायचं.

"मॅडम, तुना दाखवायला आनलंय." तिनं पळसाच्या पानातून एक लाल ढेकूळ काढलं. "विहिरीत लागली. पंचवीस फुटावर."

मी हातात घेतलं. लाल होतं, बारीक होतं, साबणासारखं गुळगुळीत.

"ही ती लाल नाय," रमी म्हणाली. "नाल्यातली लाल येगळी. ती आमी भिंतीला लावतो ना, ती सुकली की झडते, दर सणाला परत लावायला लागते. ही झडत नाय. ही भिजली की फुगते न् हाताला धरते. सोडत नाय."

त्यांच्या घरांच्या भिंती कारवीच्या काड्यांच्या. कुडाला शेणमाती लिंपतात आणि लग्नकार्य असलं की वरून लाल मातीचा हात देतात. लखमाचं लग्न ठरलेलं होतं, म्हणून रमी आपल्या दिराच्या लग्नासाठी भिंत करत होती आणि तिनं विहिरीतली लाल लावून बघितली होती. लहानपणापासून लाल मातीत हात असलेली बाई मला सांगत होती की या दोन माती एक नाहीत. म्हणजे माझ्या भाषेत, सुट्ट्या दोन आहेत, एक नाही. सगळी जुळणी चुकली आहे.

आणि मी हसले. वाईट हसले नाही, प्रेमानंच हसले, पण हसले. म्हटलं, "अहो रमीबाई, दगडात मध्येमध्ये असे मातीचे खिसे असतात. एवढ्यात संपेल. खरी लाल पन्नास फुटांवर आहे. देवजीभाऊंना सांगा, बिनधास्त खणा."

"खिसा नाय, चारी बाजूंनी हाय."

"संपेल हो."

तिनं ढेकूळ परत पानात गुंडाळलं. मी जागेवर जायला हवं होतं. कासापासून जीप मिळत होती, अर्धा तास लागला असता. मी नाही गेले. डोक्यात ती सुरेख रेघ होती ना. रेघ म्हणत होती पन्नास, मग पंचवीसवर लाल असूच शकत नव्हती. असं फक्त आमच्या धंद्यातल्या माणसाच्या हातून होतं. मजूर समोर बघतो, आम्ही कागद बघतो.

पुढचं मला जसं नंतर कळलं तसं सांगते. लाल पट्टी चार फूट निघाली. तिच्या खाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकांचा दगड लागला, आणि त्यातून पाणी उसळलं. तीस फुटांवरच. पाड्यानं नारळ फोडला. सकाळपर्यंत पाणी चढून लाल पट्टीच्याही वर आलं होतं. अजून दहा फूट खणायची होती, म्हणून वाडीतून डिझेलचं इंजिन आणून त्यांनी भराभर पाणी उपसलं. आता बघा काय झालं. ती माती रात्रभर भिजून फुगलेली. पाणी होतं तोवर पाण्यानंच तिला आतून टेकू दिला होता. पाणी उपसलं तसा टेकू गेला. देवजी पहिला उतरला, तळाची भोकं बघायला. पश्चिमेची लाल घसरली आणि तिच्यावरचा पंधरा फूट उंचीचा काळा दगड बसला.

त्याला बाहेर काढायला दुपार झाली. मी पोचले तेव्हा त्याला अंगणात ठेवलेलं होतं. रमी रडत नव्हती. म्हातारी रडत होती.

अपघाताचं कारण लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण आराखडा माझा. मी दोराला बांधून घेऊन विहिरीत उतरले. पश्चिमेची बाजू नाहीशी झालेली. पूर्वेची उभी होती, आणि तिथे लाल पट्टीत दोन घमेली माती निघेल एवढा खळगा होता, खरवडलेल्या बोटांच्या खुणांसकट. वर येऊन विचारलं तर कुणीतरी म्हणालं, रमीनं भिंतीसाठी काढली माती. अपघाताच्या चार दिवस आधी.

खळगा जसाच्या तसा होता, हे नीट वाचा. जिथून तिनं माती काढली ती बाजू पडलीच नव्हती. मी हे डोळ्यांनी पाहिलं, टॉर्च मारून पाहिलं. वर आले, गाडीच्या बॉनेटवर वही ठेवली आणि लिहिलं: स्थानिक व्यक्तींनी विहिरीच्या बाजूतून माती काढल्याचे आढळून आले, त्यामुळे बाजू कमकुवत होण्याची शक्यता नाकारता येत नाही.

शब्दाशब्दाला धरून बघितलं तर त्यात खोटं काही नाही. माती काढलेली आढळून आली होती. शक्यता तर कुठलीच कधी नाकारता येत नाही. मला कुणी असं लिहायला सांगितलं नव्हतं, साहेबांचा फोनही आला नव्हता. मी घाबरले होते. त्या लाल पट्टीकडे बघितल्या बघितल्या मला कळलं होतं की हा खिसा नाही. चारी बाजूंनी होती ती. ते कबूल करायचं म्हणजे 'खाली बांधकामाची गरज नाही' हे माझ्या सहीचं वाक्य समोर येणार. म्हणून मी दुसरं वाक्य लिहिलं. फाइल बंद झाली. माझी बदली झाली, मी गेले. विहीर नंतर दुसऱ्या कुणी तळापासून बांधून घेतली. तिला पाणी चांगलं आहे म्हणतात.

मध्ये आठ वर्षं गेली. मी परत डहाणूला आले होते, निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. तोवर आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले होते, सगळ्यांना ठाऊकच आहे ते. भांडी वाजायची, भिंतींना चिरा जायच्या, लोक अंगणात तंबू ठोकून झोपायचे. बाहेरून तज्ज्ञ आले. त्यांनी त्या पाड्याच्या जवळच एक खोल भोक पाडलं, आणि हे चुऱ्याचं नव्हतं. दगडाचा अखंड गोल दांडा वर काढतात, त्याला गाभा म्हणतात. खोक्यांत ओळीनं मांडून ठेवलेले गाभे म्हणजे आमच्या लोकांसाठी मेजवानी. माहीतगार स्थानिक म्हणून मला नोंदी करायला बोलावलं.

पहिलं खोकं उघडलं. माती, मुरूम, काळा दगड, आणि तेवीस फुटांवर लाल. चार फूट. पुन्हा काळा दगड. सत्तावन्न फुटांवर दुसरी लाल. दोन लाल, आणि मध्ये तीस फुटांचा अख्खा लाव्ह्याचा लोट. मी एकच सुट्टी धरली होती, तिथे दोन होत्या. शाळेच्या बोअरच्या वहीतला तो 'मुरूम' म्हणजे हीच वरची लाल.

दोन्हींचा एकेक तुकडा घेतला आणि पिण्याच्या बाटलीतलं पाणी वर ओतलं. खालच्या लालचे कोरडे पापुद्रे सुटले, भिंतीवरून झडतात तसे. वरची फुगली. बघता बघता फुगली आणि बोटांना चिकटून बसली. रुमालानं पुसली तरी जाईना. शेजारी एक तरुण शास्त्रज्ञ बसली होती, ती म्हणाली, "मॅडम, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, ऊन लागलं.

म्हणजे आता पुरावाही आला. तरी मी गेले का? नाही गेले. निवृत्तीची कागदपत्रं होती, मग गुडघ्याचं ऑपरेशन, मग भाचीचं लग्न. माणसाला न जाण्यासाठी कारणं मिळतच जातात. मनाशी म्हणायचे, एवढी वर्षं झाली, त्यांच्या जखमेवरची खपली कशाला काढा. त्यांच्या घरात काय चाललंय हे मला माहीतच नव्हतं. आणि मी विचारलंही नव्हतं.

या वर्षी पौषात कासाच्या दवाखान्यात लखमा भेटला. मी ओळखलं नाही, त्यानंच ओळखलं. केस पांढरे झाले होते. बाकड्यावर बसलो, इकडचं तिकडचं झालं. मी विचारलं, रमीबाई कशी आहे.

"हाय. एकटीच हाय." त्यानं हातातला केसपेपर घडी घालून खिशात ठेवला. "तुझा कागद गावसभेत वाचला ना मॅडम. तवापासनं आयनं तिच्या हातचं पानी घेतलं नाय. बोलायची, हिनं भित पाडली, हिनं माझा देवजी खाल्ला. एका घरात दोन चुली."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "कागद वाचला? माझा?"

"ग्रामसेवकानं वाचला. माती काढली म्हनून भित पडली, असा सरकारचा कागद हाय. मग कोन काय बोलनार. माती माझ्या लग्नाची होती. घमेलं मीच वर ओढलं. मी पन काय बोललो नाय. बोललो असतो तर माझं पन नाव आलं असतं."

"आणि सुरेश?"

"वापीला कंपनीत हाय. पोरगं आश्रमशाळेतनं आलं न् आजीनं जे सांगितलं ते ऐकलं. आता येत नाय. आपल्या आयशी बोलत नाय. मला फोन करतो."

मी त्या वाक्याला 'शक्यता' म्हटलं होतं. पाड्यावर पोचेपर्यंत त्यातली शक्यता गळून गेली आणि उरलेलं एका बाईच्या डोक्यावर बसलं. बारा वर्षं. तेसुद्धा ज्या एका माणसानं मला बरोबर सांगितलं होतं त्याच बाईच्या. मला त्या बाकड्यावरून उठता येईना. लखमाला वाटलं गुडघा दुखतोय, त्यानं हात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. माझ्याकडे त्या भोकाच्या नोंदीची प्रत होती, आणि माझ्या जुन्या आराखड्याचीही. लखमाला सांगून ठेवलं होतं, म्हणून अंगणात पंधरावीस माणसं जमली होती. रमी दारात उभी होती, आत ना बाहेर. वाळली होती. भिंती नुसत्या शेणाच्या. बाकी सगळ्या घरांना लाल होती.

भाषणं मी खूप दिली आहेत, पाणी अडवा, पाणी जिरवा. त्या दिवशी जमिनीवर काटकीनं रेघा मारून दाखवलं. इथे नाला, इथे शाळा, इथे विहीर. मी एकच लाल धरली. लाल दोन होत्या. रमीबाई कासाला येऊन मला सांगून गेली होती की या दोन वेगळ्या आहेत. मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर आतून बांधायला सांगितलं असतं आणि देवजीभाऊ आज असते. तिनं माती काढली ती पूर्वेकडून. पडली ती पश्चिम. तो खळगा मी स्वतः बघितला, शाबूत होता. बघूनसुद्धा कागदात तसं लिहिलं, कारण मला माझी नोकरी सांभाळायची होती. तिचा काहीही दोष नव्हता. दोष माझा.

एक म्हातारा उठून बिडी पेटवायला बाजूला गेला. लखमा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

रमी पुढे आली. काटकीच्या रेघांकडे बघितलं. मला वाटलं मारेल, किंवा थुंकेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हातारी श्रावणात गेली," ती म्हणाली. "शेवटी तोंडात पानी पन माझ्या हातचं घेतलं नाय. लखमाच्या बायकोनं घातलं. मॅडम, तू श्रावणाच्या आधी यायचं होतंस."

मी म्हटलं, "हो."

"मी पन तेच धरून बसली होती. बाजू ही पडली का ती पडली, मना कुठं ध्यान होतं. लोक बोलले, कागद बोलला, मी बोलली, असंल. मी माती काढली न् माझा माणूस गेला. रोज वाटायचं."

मी तिचे हात धरायला गेले. तिनं धरू दिले नाहीत. आत जाऊन फोन घेऊन आली, साधा बटणांचा, आणि माझ्यापुढे धरला. "सुरेशला सांग. माझा नंबर तो उचलत नाय. तुझ्या फोनवरनं लाव."

लखमानं त्यातला नंबर वाचून सांगितला. मी लावला. मागे यंत्रांचा आवाज होता, आणि पोराचा आवाज हुबेहूब बापासारखा, दबका. मी कोण ते सांगितलं. सगळं सांगितलं, अंगणात सांगितलं तसंच, पूर्व-पश्चिमेसकट. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "आता हे ऐकून मी काय करू?" आणि फोन ठेवला.

"काय बोलला?" रमीनं विचारलं.

मोबाइलची रेंज गेली, असं सांगता आलं असतं. त्या पाड्यावर कुणालाही पटलं असतं. पोरगं रडलं, असंही सांगता आलं असतं, आणि तिला बरं वाटलं असतं. अगदी तोंडापर्यंत आलं होतं.

मी सांगितलं, "आता हे ऐकून मी काय करू, असं म्हणाला. आणि ठेवला."

तिनं मान हलवली. "उद्या परत लाव."

"उचलणार नाही कदाचित."

"नाय उचलला तर परवा लाव. तू एकदा लिवलंस ते बारा वर्षं चाललं. एकदा बोलून कसं व्हईल?"

तेव्हापासून मी रोज दुपारी, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, फोन लावते. बहुतेक दिवशी नुसता वाजतो. काही वेळा त्यानं उचलला. मी पहिल्यापासून सांगत जाते. जागा मी दाखवली. रेघ मी चुकवली. कागद मी लिहिला. तो काही बोलत नाही, पण माझं संपेपर्यंत ठेवतही नाही. गेल्या मंगळवारी मध्येच त्यानं विचारलं, "आई कुठल्या बाजूला होती म्हणालात?"

मी म्हटलं, "पूर्वेला. पडली ती पश्चिमेची."

"बरं," तो म्हणाला आणि ठेवला. मी लगेच रमीबाईला फोन लावला आणि त्यानं काय विचारलं ते सांगितलं, आणि नंतर 'बरं' म्हणाला तेही. त्यापुढे माझ्या पदरचं काही घातलं नाही.